फळ्यावर न मावणारा रेणू

गांगुर्डे मॅडमची आणि माझी पहिली ओळख झाली ती मी त्यांचे हायड्रोजन खाल्ले तेव्हा. अठरा वर्षांपूर्वी मी मराठीचा शिक्षक म्हणून नाशिकच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात रुजू झालो. पहिल्याच सकाळी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर एक स्टीलचा डबा उघडा दिसला. त्यात भिजवलेले हरभरे होते. कोणी तरी तालमीचा शौक असलेले सहकारी असतील असे समजून मी मूठभर तोंडात टाकले. तेवढ्यात खराट्याच्या काड्यांची जुडी हातात घेऊन चष्मा लावलेल्या एक ठेंगण्या बाई आत आल्या. त्यांनी डब्याकडे पाहिले, माझ्या हलत्या जबड्याकडे पाहिले आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "सर, आता अकरावी 'ब'ला मिथेन नुसत्या कार्बनवर शिकवावा लागेल."

प्रा. कुंदा गांगुर्डे सेवानिवृत्त होत आहेत. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला त्यांच्या गुणांवर लिहायला सांगितले. मी मात्र त्यांच्या एका चुकीवर लिहिणार आहे. गुणांची यादी शाल-श्रीफळाबरोबर कोणालाही देता येते. चूक झाल्यावर माणूस काय करतो, हे सांगायला त्या माणसाचीच परवानगी लागते. ती मी मागितली. मॅडम म्हणाल्या, "लिहा. पण आकृती नीट काढा."

आधी त्यांची शिकवण्याची रीत सांगतो, कारण चूक तिथेच घडली. मॅडम ओझरच्या. वडील विमानांच्या कारखान्यात फिटर होते. सुटा भाग हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवल्याशिवाय त्यावर बोलू नये, हा त्या घराचा नियम. तोच नियम मॅडमनी रसायनशास्त्राला लावला. दर गुरुवारी हरभरे आणि वाटाणे भिजत घालायचे, शुक्रवारी वर्गात वाटायचे. प्रत्येक दाणा म्हणजे अणू, प्रत्येक काडी म्हणजे बंध. मुलांनी रेणू आधी हातांनी बांधायचा, मग वहीत काढायचा. शिपाईमामा त्याला उसळीचा तास म्हणत. त्या तासाला मॅडम एकच प्रश्न घेऊन बाकांमधून फिरत. "समजलं का?" असे त्यांनी कधी विचारले नाही. त्या विचारत, "काय दिसलं?"

या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, असे माझे ठाम मत आहे. "समजलं का?" याला आपल्या देशात एकच उत्तर असते: हो. पिढ्यान् पिढ्या आपण मान डोलावत आलो. गुरुजी बोलतात, आपण डोलतो. "काय दिसलं?" या प्रश्नाला डोलून भागत नाही. तिथे तुम्हाला तुमचे डोळे वापरावे लागतात, आणि वापरलेल्या डोळ्यांची भीती वाटणारी माणसे आपल्याकडे थोडी नाहीत.

त्यांच्या कडक सत्यनिष्ठेचा प्रसाद मलाही मिळालेला आहे. मी शहरात भाषणेही करतो; त्या माझ्या सभांना मॅडम येतात, शेवटच्या रांगेत बसतात, टाळ्या वाजवत नाहीत. एकदा मी गोदावरीकाठच्या गंगाघाटावरच्या सभेत गरजलो की माणसाने पाण्यासारखे व्हावे, पाण्याला स्वतःचा आकार नसतो. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "पाण्याला नसेल, पण पाण्याच्या रेणूला आहे. तो वाकडा आहे आणि वाकडाच राहतो. सरळ असता तर पाणी पाणी राहिलं नसतं, आणि तुम्हीही भाषणाला राहिला नसतात." ते वाक्य मी पुन्हा कधीही व्यासपीठावर वापरलेले नाही. याच मॅडम माझी आई इस्पितळात असताना सलग आठ दिवस सकाळचा डबा घेऊन येत. आईशी त्या कशावर बोलतात म्हणून मी एकदा दाराशी थांबून ऐकले, तर साबणाने तेल कसे निघते यावर चर्चा चालली होती, आणि आई मॅडमना रिठ्याबद्दल चार गोष्टी सुनावत होती.

आता तो प्रसंग. तीन वर्षे झाली, पण तो आठवला की मला अजून एका जागी बसवत नाही.

त्या वर्षी अकरावी विज्ञानाच्या दोन तुकड्या एकत्र केल्या गेल्या. वर्गात बसायला जागा पुरेना. भिंतीवर मोठा डिजिटल फळा लागला आणि त्याच्याबरोबर तयार आकृत्या आल्या. उसळीच्या तासात वेळ जातो, अभ्यासक्रम मागे पडतो, असे वरून सुचवले गेले. मॅडम पहिल्यांदाच नमल्या. शुक्रवारचे हरभरे बंद झाले. "काय दिसलं?" हा प्रश्नही बंद झाला, कारण शंभरावर मुलांना तो विचारणार कसा?

सप्टेंबरच्या घटक चाचणीत एक प्रश्न होता: डायक्लोरोमिथेनचा रेणू ध्रुवीय की अध्रुवीय? आकृतीसह कारण द्या. तीन गुण. ललिता भोये नावाच्या मुलीने ध्रुवीय, म्हणजे विद्युतभार एका बाजूला कललेला, असे लिहिले. तिला शून्य मिळाले.

ललिता सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेतून दहावी झालेली, इथे वसतिगृहात राहणारी. तिच्या पाड्यावरून विज्ञान शाखेला आलेली ती पहिलीच. पेपर हातात पडल्यावर ती मॅडमकडे विचारायला गेली. मॅडम पुढच्या तासाला निघाल्या होत्या. त्यांनी डिजिटल फळ्यावरच्या आकृतीकडे बोट केले, दोन क्लोरीन समोरासमोर आहेत, ओढ रद्द होते, असे चालता चालता सांगितले, आणि त्या गेल्या. ललिताने पेपर परत गठ्ठ्यात ठेवला.

त्या गुरुवारी ती शाखाबदलाचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली. ते काम माझ्याकडे होते. तिला विज्ञान सोडून कला शाखेत यायचे होते, आणि मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. खरे सांगतो, मला आनंद झाला. मुलगी वाचणारी होती, माझ्या वक्तृत्वाच्या चमूत मला ती हवी होती. साहित्य म्हणजे मोकळे आभाळ वगैरे मी तिला बरेच ऐकवले. का सोडतेस, हे मात्र विचारले नाही. वडिलांची सही आणायला ती त्याच दुपारी गावी गेली. अर्जाची एक प्रत माझ्याकडे राहिली.

शुक्रवारी दुपारी ती प्रत फाइलला लावताना मी तिच्यातला 'कारण' हा रकाना वाचला. तिथे गोल, नेटक्या अक्षरांत लिहिले होते: "मला जे दिसते ते चुकीचे असते."

मी तडक प्रयोगशाळेत गेलो. दोन सहकारी तिथे उभे होते, त्यांचीही मी पर्वा केली नाही. ते वाक्य मी सभेच्या आवाजात मॅडमना वाचून दाखवले आणि विचारले, ज्या बाईंनी आयुष्यभर मुलांना "काय दिसलं?" असे विचारले, त्यांच्या वर्गातली मुलगी हे कसे लिहिते? आणखीही बोललो. मॅडमनी मला संपू दिले. मग कपाटातून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला, ललिताची शोधली आणि उभ्या उभ्या वाचली. तिने आकृतीखाली एक ओळ लिहिली होती: चार हात जागेत पसरले तर कोणीच कोणाच्या समोर येत नाही.

मॅडम गठ्ठा काखेत मारून उपाहारगृहाकडे निघाल्या, मी मागोमाग. तिथल्या बाळूशेठनी त्यांना पाहून म्हटले, "काय मॅडम, उसळ परत चालू का? आम्हाला वाटलं, तुमचे अणू आता टीव्हीवर गेले." मॅडमनी त्यांच्या पातेल्यातले भिजलेले पाच वाटाणे मागून घेतले. दोघांना हळद फासली: ते क्लोरीन. दोन तसेच ठेवले: ते हायड्रोजन. पाचवा मधला, कार्बन. खराट्याच्या काड्या खोचून चारही हात एकमेकांपासून जितके दूर पसरता येतील तितके पसरले आणि ती वस्तू माझ्या तळहातावर ठेवली.

"हळदीचे दोन समोरासमोर आणून दाखवा."

मी फिरवले. उलटे केले, आडवे धरले, डोळ्यांजवळ नेले. तिपाईसारखे तीन पाय टेकत होते आणि चौथा वर उभा राहत होता. कोणताही पाय वर घेतला तरी चित्र तेच. दोन हळदीचे दाणे मधल्या दाण्याच्या दोन बाजूंना एका सरळ रेषेत कधीच आले नाहीत. ते नेहमी शेजारीच राहिले.

"आता हेच फळ्यावर काढा."

मी बाळूशेठच्या भावांच्या फळ्यावर खडूने अधिकचे चिन्ह काढले. मधे कार्बन, चार टोकांना चौघे. आणि काय आश्चर्य, फळ्यावर दोन क्लोरीन एकमेकांसमोर आरामात बसले.

मी मराठीचा माणूस. ते मला तिथे, बाळूशेठच्या कट्ट्यावर समजले, आणि मॅडमनी समजावले तसेच इथे देतो. दोन अणू बांधले जातात तेव्हा एक जण इलेक्ट्रॉन आपल्याकडे जास्त ओढतो. पण नुसती ओढ असून रेणू ध्रुवीय होत नाही. कोणती ओढ कोणत्या दिशेला, हे पाहावे लागते. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन दोन टोकांना, सरळ रेषेत, सारख्या ताकदीने ओढतात. रस्सीखेच बरोबरीत सुटते, रेणू अध्रुवीय. पाण्यात ऑक्सिजनच्या माथ्यावर इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या जागा अडवून बसलेल्या असतात, म्हणून दोन्ही हायड्रोजन एका बाजूला झुकतात, ओढ रद्द होत नाही, पाणी ध्रुवीय. कार्बनला चार क्लोरीन लावले तर चौघांची ओढ चारी अंगांना सारखी, म्हणून पुन्हा शून्य. पण दोन क्लोरीन आणि दोन हायड्रोजन लावले की क्लोरीन शेजारी शेजारी येतात, दोघांची ओढ मिळून एका बाजूला कलते, आणि रेणू ध्रुवीयच होतो. अणू तेच, बंध तेच. निकाल लावतो तो आकार. तो आकार चपटा करून फळ्यावर ठेवला, की निकाल फिरतो.

मला राहवले नाही. मी सुरू केले, "मॅडम, म्हणजे समाजातसुद्धा..."

"सर," त्या म्हणाल्या, "रेणूला आधी रेणू राहू द्या. समाज सोमवारी."

मग त्यांनी कट्ट्यावर बसूनच सगळा गठ्ठा चाळला. बाकी झाडून सगळ्यांनी अध्रुवीय लिहिले होते, आणि सगळ्यांना पूर्ण गुण होते. चूक तयार आकृतीची होती, असे म्हणायची सोय होती. तुकड्या कोणी एकत्र केल्या, तास कोणी बंद केला, हेही म्हणता आले असते. मी ते म्हणायला तोंड उघडलेही होते. मॅडम म्हणाल्या, "उत्तराचा नमुना माझ्या अक्षरात आहे. एकीलाच दिसलं होतं, आणि तिला मी शून्य दिलं." वर्गाला कधी सांगणार, असे मी विचारले. "सोमवारी. आधी तिला."

शनिवारी सकाळच्या सुरगाण्याच्या एसटीत आम्ही बसलो. मॅडमच्या मांडीवर डबा. दिंडोरी गेली, वणी गेली, बाई स्वस्थ बसेनात. डबा उघडून काड्या सैल झाल्या का पाहत, पुन्हा झाकण लावत, खिडकीची काच वर करत, खाली करत. मी धीर द्यायला म्हटले, तुम्ही समजावल्यावर ती नक्की परत येईल. तेव्हा त्या माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, तिला परत आणायला मी चाललेले नाही; कला शाखेत ती खुशाल जावो, पण माझ्या चुकीपायी नको. "मी फक्त माझी चूक तिच्या डोक्यातून काढून घ्यायला चाललेय. पुढचं तिचं ती ठरवील." मग घाट उतरेपर्यंत त्या डबा दोन्ही हातांनी धरून बसल्या.

फाट्यावर उतरून जीपने आणि मग पायी पाड्यावर गेलो. भात पोटरीत आले होते, लोंब्या फुटायच्या बेतात. ललिताचे वडील, काशीराम भोये, दारात टोपली विणत बसले होते. शहरातून शिक्षक आले म्हटल्यावर ते गडबडले. पोरीने काही आगळीक केली काय, हे त्यांनी दोनदा विचारले. आत कोरा चहा उकळू लागला. मॅडमनी अर्जाचे विचारले, तेव्हा त्यांनी आढ्याला खोचलेला कागद काढून दाखवला. सही झाली होती.

"पोर म्हनं, मला नाय जमत," ते म्हणाले. "मंग म्या म्हनलं, नाय तं नाय. आपल्यात कोनला जमलंय?"

तेवढ्यात ललिता गवताचा भारा घेऊन आली. आम्हाला पाहून भारा डोक्यावर तसाच घेऊन थांबली. मॅडम बाजेवरून उठून उभ्या राहिल्या. काशीरामभाऊंना ते अजिबात पटले नाही. ते म्हणाले, "आवं मॅडम, बसा तुमी. पोरीसाठी कवा मास्तर उभा ऱ्हातो का?"

मॅडम बसल्या नाहीत. "ललिता, तुझं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं. तुझ्या वडिलांसमोर सांगायचं होतं, म्हणून आले."

त्यांनी डबा पुढे केला. ललिताने भारा उतरवला, हात परकराला पुसले, पण डब्याला हात लावला नाही. मग तिने जे विचारले, ते विचारण्याचे धैर्य माझ्या कोणत्याही भाषणात नाही.

"मंग मी इचारलं तव्हा?"

"तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलंच नाही," मॅडम म्हणाल्या. "फळ्याकडे पाहिलं."

ललिताच्या आईने चहा आणून ठेवला. मॅडमनी परत ये असे म्हटले नाही, अर्ज फाड असे म्हटले नाही. मला मात्र तोंड आवरणे फार जड गेले; दोनदा मी बोलायला सरसावलो आणि दोनदा मॅडमनी नुसत्या नजरेने मला गप्प केले. निघताना ललिता फाट्यापर्यंत आली. जीप दिसल्यावर तिने विचारले, वर्गात सांगणार का. मॅडम हो म्हणाल्या. ती म्हणाली, "माझं नाव घिऊ नका. चूक कुठं झाली ते सांगा फक्त."

सोमवारी मॅडमनी तेच केले. सगळ्या वर्गासमोर डिजिटल फळा बंद केला, पातेलेभर वाटाणे वाटले, आणि प्रत्येक बाकावर रेणू बांधून झाल्यावर सांगितले की नमुना उत्तर चुकीचे होते आणि ते मी लिहिले होते. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "मॅडम, म्हणजे आमचे तीन मार्क गेले?" मॅडम म्हणाल्या, "गेले." वर्ग कण्हला. मी मुद्दाम दाराशी उभा होतो. ललिता वर्गात नव्हती.

दिवसभर मी शाखाबदलाच्या टेबलावर बसून होतो. चार वाजले. मॅडम दोनदा व्हरांड्यातून गेल्या, दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे पाहायचे टाळले. पावणेपाचला ललिता आली; सुरगाण्याची गाडी उशिरा आली होती. चपला चिखलाने भरलेल्या. तिने सही झालेला अर्ज टेबलावर ठेवला. मी तो घ्यायला हात पुढे केला, तर तिने त्यावरचा हात काढला नाही.

"सर, तुमच्याकडची प्रत द्या," ती म्हणाली. "कारण खोडायचं हाय."

मी प्रत दिली. तिने माझेच पेन घेतले, दोन्ही कागदांवरची ती ओळ शाई कागदातून उमटेपर्यंत गिरवून काळी केली, दोन्ही कागद घडी करून दप्तरात टाकले आणि ती प्रयोगशाळेकडे गेली. माझ्या चमूला एक वक्त्री कमी पडली. बरे झाले.

पुढच्या शुक्रवारपासून उसळीचा तास पुन्हा सुरू झाला. मॅडमनी त्यासाठी कोणाची परवानगी मागितली नाही, आणि कोणी ती नाकारायलाही आले नाही. ललिता आज नाशकातच बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

मी पुष्कळ ग्रंथ वाचले, पुष्कळ सत्कार पाहिले, त्यांतल्या काहींत भाषणेही केली. कधीही न चुकलेल्या गुरूंच्या कथा ऐकून माझे कान किटले आहेत. असे गुरू मला खरे वाटत नाहीत, आणि खरे असतील तर धोक्याचे वाटतात, कारण त्यांच्या वर्गात चुकीचे ठरायला फक्त विद्यार्थी उरतो. आज हजारो मुले शिकवणीच्या हॉलमध्ये ध्रुवीय-अध्रुवीय यांच्या याद्या पाठ करत आहेत. त्यांतली कोणती मुलगी आत्ता या क्षणी बरोबर असून गप्प बसली आहे, हे आपल्याला माहीत नाही. तिच्या दारी कोण जाणार? या प्रश्नाने मी बेचैन आहे, आणि हा ग्रंथ वाचणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने तितकेच बेचैन व्हावे अशी माझी इच्छा आहे.

मॅडम, तुमची सेवा संपते आहे. तुमची गरज संपलेली नाही. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. नजर शेवटपर्यंत साफ राहो. तुमची चूक तुम्हाला तोंडावर विचारणाऱ्या मुली तुम्हाला दरवर्षी भेटोत. आणि सगळ्यात आधी तुमचे गुडघे शाबूत राहोत. घाटापलीकडे अजून पुष्कळ दारे आहेत, आणि तिथे जाऊन उभे राहणारे फार थोडे आहेत.